नोकरी सांभाळून संगणकाचे अल्पमुदतीचे शिक्षण : निवड कशी करावी?

प्राथमिक शाळेच्या दप्तराचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पुष्कळ पालटले आहे. हजेरीपट, जनरल रजिस्टर व निकालपत्रक ही कपाटात अजून आहेतच. परंतु २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत भरावी लागू लागली. शाळेची वार्षिक माहिती ‘युडायस प्लस’ वर जाते, वेतनदेयके ‘शालार्थ’ मधून निघतात आणि शिक्षकांची कित्येक प्रशिक्षणे ‘दीक्षा’ या मंचावर होतात. द्विशिक्षकी शाळेत तर लेखनिक नसतो, सेवकही नसतो. ही सर्व कामे शिक्षकालाच करावयाची असतात, आणि तीही अध्यापनास धक्का न लावता.

अशा स्थितीत संगणकाचे शिक्षण घ्यावे असे बहुतेक शिक्षकांस वाटते. अडचण येते ती निवडीची. तालुक्याच्या गावी फलक अनेक दिसतात. कोणी दोन महिन्यांत सर्व शिकविण्याची हमी देतो, तर कोणी घरबसल्या प्रमाणपत्र देऊ करतो. शुल्क भरले जाते, पंधरा दिवस उत्साहाने जातात, मग निवडणुकीचे काम येते किंवा घटक चाचण्या येतात आणि वर्ग सुटतो. पुष्कळदा वर्ग पूर्ण होतो, प्रमाणपत्रही मिळते. पण पोषण आहाराचे मासिक पत्रक करण्यास मात्र पुन्हा बाजारातील संगणक केंद्रावरच जावे लागते. पैसा व संध्याकाळचे तास गेले, आणि परावलंबन तसेच राहिले. हे टाळावयाचे तर एक तत्त्व ध्यानी धरावे : अभ्यासक्रमाची निवड फलकावरून सुरू न करता आपल्या कामावरून सुरू करावी, आणि ती आपल्यापाशी खरोखर उरणाऱ्या तासांच्या मापाने करावी.

१. प्रयोजन कोणते?

संगणकाचा अभ्यासक्रम घेण्याची प्रयोजने मुख्यतः दोन असतात. एक, सेवेतील एखाद्या नियमासाठी विहित प्रमाणपत्र मिळविणे. दुसरे, एखादे काम स्वतःच्या हाताने करता येणे. ही दोन्ही योग्य आहेत, पण ती एकच नव्हेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे निवड चुकते.

प्रमाणपत्र हवे असेल तर आपणांस लागू असलेल्या शासन निर्णयाचे वा आदेशाचे शब्द प्रथम वाचावेत. कोणती परीक्षा, कोणत्या मंडळाची व कोणत्या मुदतीत, हे त्यातच लिहिलेले असते. शंका असल्यास पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आस्थापनेचे काम पाहणाऱ्यास लेखी विचारावे. ‘आमचे प्रमाणपत्र सर्वत्र चालते’ हे केंद्रचालकाचे तोंडी आश्वासन येथे उपयोगी पडत नाही.

प्रमाणपत्राची गरज नसेल, किंवा ते पूर्वीच मिळालेले असेल, तर पुन्हा तशाच सर्वसाधारण अभ्यासक्रमाकडे वळण्याचे कारण नाही. दहा वर्षांपूर्वी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पण हात बसला नसलेल्या शिक्षकास दुसऱ्या प्रमाणपत्राची गरज नसते. दोन-तीन कामांचा पक्का सराव त्याला हवा असतो.

२. कामांची यादी

निवडीपूर्वी शिक्षकाने एक आठवडा कागदावर नोंद ठेवावी. संगणकाचे वा मोबाइलचे कोणते काम आले, ते स्वतः केले की दुसऱ्याकडून करवून घेतले, आणि अडले ते नेमके कोठे, एवढ्या तीन रकाने पुरेत. आठवड्याअखेरीस असे दिसून येईल की, अडणारी कामे फार नाहीत, तीच ती पुनःपुन्हा येतात. सामान्यतः ती चार प्रकारांत पडतात : मराठीत पत्र वा अहवाल टंकित करणे, आकड्यांचे पत्रक तयार करणे, कागदाचे छायाचित्र वा पीडीएफ करून ठरावीक आकारात पाठविणे, आणि एखाद्या शासकीय प्रणालीत माहिती भरणे.

या यादीचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पहिली ते चौथीच्या शाळेत पोषण आहाराचे मासिक पत्रक करावयाचे आहे. प्राथमिक वर्गांसाठी धान्याचे प्रमाण दर मुलामागे दररोज १०० ग्रॅम आहे. ३८ मुले हजर असतील तर ३ किलो ८०० ग्रॅम धान्य लागते. महिन्याच्या प्रत्येक दिवसाची हजेरी एका रकान्यात लिहिली, पुढच्या रकान्यात त्यास ०.१ ने गुणण्याचे सूत्र एकदा घातले व ते खाली ओढले, की रोजचा खर्च, महिन्याची बेरीज आणि शिल्लक धान्य ही तिन्ही आपोआप मिळतात. हजेरीचा एक आकडा सुधारला तर पुढील सर्व आकडे आपणहून सुधारतात. यासाठी एक्सेल किंवा त्यासारख्या विनामूल्य लिबरऑफिस कॅल्कमधील चारपाच गोष्टी लागतात : रकाना व ओळ ओळखणे, सूत्र लिहिणे, ते खाली उतरविणे, बेरीज करणे व छपाईचे पान आखणे. त्याच ज्ञानावर आकारिक व संकलित मूल्यमापनाचे गुण मांडता येतात, सरासरी काढता येते आणि कोणते मूल कोणत्या विषयात मागे पडत आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. हे शेवटचे काम दप्तरापेक्षा अध्यापनाचे आहे, म्हणून ते अधिक मोलाचे.

आता अभ्यासक्रमाच्या पत्रकाकडे पाहावे. त्यात संगणकाचा इतिहास, यंत्राच्या भागांची नावे व व्याख्या यांसाठी किती तास आहेत, आणि आपल्या यादीतील कामांसाठी किती? या एका प्रश्नानेच निम्मी निवड होऊन जाते.

३. तासांचा हिशेब

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे कामाचे तास, अध्यापनाच्या पूर्वतयारीसह, आठवड्यास किमान ४५ सांगितले आहेत. त्यात प्रवास, घरकाम व शेती यांची भर घातली म्हणजे संध्याकाळचा जो वेळ उरतो तो थोडा असतो. तेव्हा अभ्यासक्रमाचे तास वाचून थांबू नये. ते आपल्या आठवड्यावर पसरून पाहावेत.

८० तासांचा अभ्यासक्रम दररोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, असा केला तर १६ आठवडे लागतात. आठवड्यातून तीनच दिवस मिळत असतील, तर तोच अभ्यासक्रम जवळजवळ २७ आठवड्यांचा होतो. शिवाय वर्ग तालुक्याच्या गावी असेल आणि एका तासाच्या वर्गासाठी जाण्यायेण्यास दीड तास मोडत असेल, तर ८० तासांच्या शिक्षणासाठी प्रत्यक्षात २०० तास द्यावे लागतील. हा आकडा प्रारंभीच डोळ्यांपुढे असावा. पुष्कळ शिक्षक मध्येच वर्ग सोडतात, त्याचे कारण आळस नसून न केलेला हा हिशेब असतो.

यावर कित्येकांस असे सुचते की, रोज थोडे थोडे करण्यापेक्षा उन्हाळी सुट्टीत दिवसाचे चार चार तास देऊन सर्व उरकावे. या बाबतीत एक प्रयोग उद्बोधक आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना कळफलकावर टंकन शिकवावयाचे होते. अ‍ॅलन बॅडले व लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले. एका गटास दिवसाला एकच तास शिकविले, तर दुसऱ्यास दिवसातून दोनदा दोन दोन तास. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे आढळले की, दिवसाला एक तास शिकणाऱ्या गटास तेवढेच कौशल्य येण्यास एकूण तास कमी लागले. अर्थात दिवस अधिक लागले. गमतीची गोष्ट अशी की, हाच गट आपल्या पद्धतीवर सर्वांत कमी खूष होता. आपण मागे पडत आहोत असे त्या लोकांस वाटत होते.

नोकरी करणाऱ्या शिक्षकास यातून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला, रोजचा एक तास ही नाइलाजाची तडजोड नव्हे. हाताच्या कौशल्यासाठी ती चांगली पद्धत आहे. पाढे एका दिवशी शंभर वेळा म्हणवून घेण्यापेक्षा रोज थोडे म्हणवून घेतल्याने पक्के होतात, हे शिक्षकास निराळे सांगावयास नको. दुसरा, प्रगती मंद वाटते म्हणून ती मंद असतेच असे नाही. तेव्हा त्या भावनेने वर्ग सोडू नये.

प्रारंभाचा महिनाही विचारपूर्वक निवडावा. जूनमधील प्रवेश व दप्तराची घाई, मार्च-एप्रिलमधील मूल्यमापन या काळात आरंभ करू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठवडे त्या मानाने सोयीचे असतात. मे महिन्याचा उपयोग नवे शिकण्यापेक्षा शिकलेल्याचा सराव करण्यासाठी आणि पुढील वर्षाची कोरी पत्रके आखून ठेवण्यासाठी करावा.

४. कोणते अभ्यासक्रम आहेत?

सध्या उपलब्ध असलेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचे स्वरूप परस्परांहून भिन्न आहे.

एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड या संस्थेने २००१ साली सुरू केला. राज्यभर त्याची केंद्रे असल्यामुळे ग्रामीण भागातील शिक्षकास तो सर्वांत जवळचा ठरतो. साधारणपणे दोन ते तीन महिन्यांत तो पूर्ण होतो व अंती परीक्षा असते. संगणकाचा स्पर्शही न झालेल्या व्यक्तीस रोज केंद्रात जाऊन, शिकविणारा जवळ असताना, आरंभ करण्यास तो योग्य होय.

सीसीसी हा अभ्यासक्रम केंद्र शासनाच्या ‘नायलिट’ या संस्थेचा आहे. २०११ पूर्वी ही संस्था ‘डोएक’ या नावाने ओळखली जात असे. याची मुदत ८० तास असून परीक्षेत ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवावे लागतात. स्वतः अभ्यास करून थेट परीक्षेस बसण्याची सोय हा त्याचा विशेष. ज्यांना वेळापत्रकाने बांधून घेणे शक्य नाही, पण प्रमाणपत्र हवे आहे, त्यांनी याचा विचार करावा. मात्र वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारी म्हणजे हाताचा सराव नव्हे, हे विसरू नये.

संगणक टंकलेखनाची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, घेते. मराठी, हिंदी व इंग्रजी यांसाठी मिनिटास ३० व ४० शब्द या गतीच्या परीक्षा आहेत. हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. ज्याला महिन्यातून दोन पत्रे लिहावयाची आहेत त्याने एवढा काळ देण्याची आवश्यकता नाही. परंतु केंद्रप्रमुखांच्या बैठकांची टिपणे, अहवाल व पाठ्यसाहित्य नित्य लिहावे लागत असेल तर ही गती आयुष्यभर पुरते.

स्पोकन ट्युटोरियल हा मुंबईच्या आयआयटीचा उपक्रम आहे. लिबरऑफिससारख्या विनामूल्य प्रणालींचे सुमारे दहा दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ त्यात असून कित्येक पाठ मराठीतून ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष प्रणाली उघडून, ऐकावे व लगेच करावे, अशी ही पद्धत आहे. दहा मिनिटांचा पाठ करून पाहण्यास अर्धा तास लागतो, असे धरून चालावे. शाळा सुटल्यावर शाळेच्याच संगणकावर बसणाऱ्या शिक्षकास हे साधन फार सोयीचे आहे.

‘स्वयम्’ हा केंद्र शासनाचा मंच २०१७ पासून सुरू आहे. त्यावरील अभ्यासक्रम बहुधा ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. यांपैकी पुष्कळ इंग्रजीत असल्यामुळे नाव नोंदविण्यापूर्वी पहिला पाठ ऐकून पाहावा. असे अभ्यासक्रम घेणारे अनेक व पुरे करणारे थोडे, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे. शाळेतील किंवा केंद्रातील दोघातिघांनी मिळून घेतल्यास ते पूर्णत्वास जाण्याचा संभव वाढतो.

‘दीक्षा’ वरील प्रशिक्षणे मुख्यतः अध्यापनाविषयी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. संगणकाच्या शिक्षणाचे तास ठरविताना या तासांचीही आठवण ठेवावी. दोन्ही ओझी एकाच महिन्यात घेऊ नयेत.

जुन्या पत्रकांविषयी थोडे सावध राहावे. ग्रामीण कुटुंबांसाठी २०१७ साली सुरू झालेली २० तासांची ‘पीएमजीदिशा’ योजना मार्च २०२४ मध्ये समाप्त झाली आहे. बंद झालेल्या योजनेच्या नावाने कोणी शुल्क मागत असेल तर ते देऊ नये.

५. केंद्राची पारख

एकच अभ्यासक्रम एका केंद्रात उत्तम व दुसऱ्यात निकृष्ट शिकविला जातो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी, ज्या वेळी आपण जाणार त्याच वेळी, केंद्रात जाऊन अर्धा तास बसावे. प्रत्येकास स्वतंत्र संगणक मिळतो काय? एका यंत्रापुढे तिघे बसत असतील तर एक शिकतो व दोघे पाहतात. शिकविणारा विद्यार्थ्याच्या हातून माउस काढून घेऊन स्वतःच काम करून देतो, की चुकू देऊन मग सांगतो? वीज गेल्यास काय व्यवस्था आहे? बुडालेला तास पुन्हा मिळतो काय? आपल्या शाळेचे पत्रक सरावासाठी नेले तर चालेल काय? या शेवटच्या प्रश्नास आनंदाने होकार देणारे केंद्र बहुधा चांगले असते.

शुल्क विचारताना पूर्ण रक्कम विचारावी. प्रवेश, पुस्तक, परीक्षा व अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, हे सर्व तीत धरलेले असावे. प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी. हजर न राहता प्रमाणपत्र मिळवून देण्याची भाषा जेथे होते तेथून परत फिरावे. जो शिक्षक मुलाने नक्कल केलेला गृहपाठ स्वीकारीत नाही, त्याने स्वतःसाठी निराळा नियम करू नये.

६. मराठी लेखनाची कसोटी

मराठी शाळेच्या शिक्षकासाठी एक कसोटी विशेष महत्त्वाची आहे. अभ्यासक्रमात मराठी टंकन युनिकोडमध्ये शिकवितात काय, हे अवश्य विचारावे. जुन्या खासगी टंकांत लिहिलेले पत्र ज्या संगणकावर तो टंक नाही तेथे उघडले की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास ठरावीक क्रमांक आहे, आणि तो १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. त्यामुळे त्यात लिहिलेला मजकूर संगणकावर, मोबाइलवर व शासकीय प्रणालीत सारखाच दिसतो व शोधताही येतो.

भारत शासनाने १९८६ साली प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक त्यासाठी उपयोगी आहे. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. ‘क’ च्या कळेवरच शिफ्ट दाबली की ‘ख’ उमटतो, ‘ग’ च्या कळेवर ‘घ’. बाराखडीची व वर्णमालेची रचना ज्याच्या अंगवळणी आहे त्या शिक्षकास ही मांडणी लवकर साधते. रोज अर्धा तास दिल्यास काही आठवड्यांत न पाहता लिहिण्याकडे प्रगती होते.

७. परावलंबनाचा धोका

संगणक न येणाऱ्या शिक्षकाचे नुकसान केवळ वेळेचे वा पैशाचे नसते. माहिती भरण्यासाठी तो शाळेचा पासवर्ड बाहेरच्या केंद्रचालकास देतो, मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने सांगतो, आणि मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक व बँक खाते असलेली यादी परक्या संगणकावर राहून जाते. ही माहिती पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले आहे व बालकांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. कायदा नसता तरी मुलांची माहिती सांभाळणे हे शाळेचे कर्तव्यच होते.

म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमात पुढील गोष्टी आहेत की नाहीत, हे पाहावे : बळकट पासवर्ड करणे व बदलणे, काम संपताच प्रणालीतून बाहेर पडणे, परक्या यंत्रावरील फाइल पुसून टाकणे, बनावट संदेश ओळखणे, आणि महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत सुरक्षित ठेवणे. हे दोनतीन तासांचे शिक्षण आहे. पण ते नसेल तर बाकीचे अपुरेच राहते.

८. शिकलेले टिकविणे

अभ्यासक्रम संपला की शिक्षण संपले, असे होऊ नये. वर्गात शिकलेली प्रत्येक गोष्ट त्याच आठवड्यात शाळेच्या एका खऱ्या कामात वापरावी. पहिल्यांदा वेळ अधिक लागेल; हाताने पत्रक एका तासात झाले असते, ते संगणकावर तीन तास घेईल. दुसऱ्या महिन्यात तेच काम पाऊण तासात व तिसऱ्यात वीस मिनिटांत होऊ शकेल. एका लहान वहीत स्वतःच्या शब्दांत कृतीचे टप्पे लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी येणाऱ्या कामासाठी ती वही छापील पुस्तकाहून अधिक उपयोगी पडते. शिक्षण परिषदेच्या दिवशी एकाने आपले पत्रक इतरांस दाखवावे व दुसऱ्याने आपले. जो दुसऱ्यास शिकवितो त्याचेच ज्ञान पक्के होते, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार?

अभ्यासक्रम फलद्रूप झाला की नाही, याची परीक्षा प्रमाणपत्राच्या श्रेणीने पुरी होत नाही. तीन महिन्यांनंतर यादीतील कोणते काम दुसऱ्याकडे न जाता होऊ लागले, शाळेचा पासवर्ड शाळेतच राहू लागला काय, आणि दप्तरातून वाचलेल्या वेळात मागे पडलेल्या दोन मुलांचे वाचन घेता आले काय, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी आली, तर लहानसा अभ्यासक्रमही योग्य निवडला गेला, असे समजावे.